भाईंदरमध्ये बसून सापडलेला गॅस

आमच्या ऑफिसात सोळा वर्षं काढली की माणसाकडे दोनच गोष्टी वाढतात: चष्म्याचा नंबर आणि किस्से. नंबर डॉक्टर तरी विचारतो, किस्से कोणी विचारत नाही. मी सांगणारच!

भाईंदरला इंद्रलोकमध्ये एका डेंटिस्टच्या वरच्या मजल्यावर बसून आम्ही तेल आणि गॅस शोधतो. म्हणजे जमीन दुसऱ्यांची, तिला धक्केही दुसरेच देतात. त्या धक्क्यांनी खाली जाऊन परत आलेल्या लहरींच्या फायली तेवढ्या आमच्याकडे येतात. वाटेत कुठल्या थराने लहर किती खाल्ली, ते आम्ही काढतो.

*

पूनम सागरमधल्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना एकदा हे समजावलं. "गल्लीत वरात आली की बंद खिडकीतून काय ऐकू येतं? नुसतं धम धम! सनई भिंत खाऊन टाकते. जमिनीचंही तसंच. गॅस असला की ती जास्तच खाते."

त्यांनी समजल्यासारखी मान डोलावली. संध्याकाळी नोटीस बोर्डावर कागद: "गॅसच्या तक्रारी फ्लॅट ४०२ मध्ये द्याव्यात."

*

म्हात्रे साहेब आमचे मालक. लहर जरा अशक्त दिसली की यांना गॅस दिसतो. एकदा राजस्थानच्या फाइलमध्ये दिसला. निघाली सैल केबल!

"पण क्लायंटला आठ दिवस उमेद मिळाली ना?" साहेब म्हणाले. धन्य!

*

कांबळे मॅडम नांदेडच्या. आमच्यातल्या एकमेव शहाण्या, म्हणून अर्थातच कॉन्ट्रॅक्टवर. यंदा गुजरातच्या किनाऱ्याची फाइल आली. एका पट्ट्यात लहरी पार गारद. साहेब खुर्चीतून उडाले, "गॅस!"

मॅडम म्हणाल्या, "सर, लहर खाली पोचायच्या आधीच मरतेय. अगदी वरचाच थर खातोय तिला. इथे विहीर खोदली तर कोरडी निघेल."

"रिपोर्टवर तुमची सही लागेल."

"मी नाही करणार."

"महिनाअखेरीला तुमच्या कॉन्ट्रॅक्टवर माझीही सही लागते, मॅडम!" साहेब हसले.

मॅडमच्या मुलीचं बारावीचं वर्ष. मला भयंकर राग आला, पण मी गप्प बसलो. माझी नोकरी पर्मनंट ना!

*

साहेबांचे वडील आप्पा पिढीजात मिठागरवाले. मिठागरं गेली, टॉवर आले. आता दुपारी आमच्या एसीखाली येऊन बसतात. मॅडमच्या स्क्रीनवर त्या पट्ट्याचा सॅटेलाइट फोटो बघून म्हणाले, "बाय, हे तर मिठागर हाय. जुनं, बुजवलेलं. बांध बघ की, चौकोन चौकोन."

"खाली चिखल असेल?"

"पुरुषभर! पहार आपटली तरी आवाज येत न्हाय."

आमचं सॉफ्टवेअर परदेशी. फोटो मात्र तोवर एकानेही उघडून बघितला नव्हता! मॅडमनी चिखल हिशोबात धरून आकडे पुन्हा काढले. गॅस गायब.

"आप्पांना काय कळतंय लहरींतलं?" साहेब म्हणाले आणि जुनाच रिपोर्ट छापायला दिला.

*

क्लायंटचे मोठे अधिकारी आले. रिपोर्ट उलटसुलट चाळला. "यहाँ साइन क्यों नहीं है?"

"फॉर्मॅलिटी है सर, हो जाएगा."

मॅडम उभ्या राहिल्या. जुन्या आणि नव्या आकड्यांची दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून मिठागराचं, चिखलाचं सगळं सांगितलं. शाब्बास बाई!

"साल्ट पॅन है, ये किसने पहचाना?"

मॅडमनी एसीखालच्या आप्पांकडे हात केला.

"ये कौन हैं?"

साहेबांनी कपाळ पुसलं. "हमारे सीनियर कन्सल्टंट, सर!"

अधिकाऱ्यांनी आप्पांना नमस्कार केला, मॅडमची चित्रं बॅगेत घातली. "अगला काम भी इन्हीं दोनों से करवाइए," म्हणाले आणि गेले.

दार लागलं. आप्पा सावकाश उठले. साहेबांच्या ट्रेमधून मॅडमच्या कॉन्ट्रॅक्टचा कागद काढला आणि लेकापुढे ठेवला.

"पेन हाय ना?"