पोटातल्या लेकराचा वाटा

हे मी कुणाला सांगितलं न्हाई. बायकोलाही न्हाई, ती गेली बिचारी, तरी न्हाई. आज तुमाला सांगायलोय, कारण — कारण काय घेऊन बसलात, तोंड उघडलंय तर बोलून टाकतो.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. पिंगळीजवळ आमचं रान होतं, ओढ्याकाठचं, काळंभोर. अब्बांचा मी एकटाच. अम्मी मी लहान असतानाच वारली. उतारवयात अब्बांनी पालमची दुसरी बायको केली — माझ्याहून वयानं लहान. मी तिला छोटी अम्मी म्हणायचो. वाईट होती का? अजिबात न्हाई. भाकर अशी पातळ थापायची की अब्बा एक जास्त खायचे. तिच्याविरुद्ध बोलायला मला काही सापडत न्हाई, हो. तेच जास्त लागतं.

एक दिवस अब्बांनी मला गोठ्यात बोलावलं. लाजत लाजत म्हणाले, माळ्यावरचा पाळणा काढून ठेव, पण एवढ्यात कुणाला बोलू नको. मी काढला. पुसलाही. पंधरा दिवसांत अब्बा तापानं गेले.

चाळिसाव्याला काझीसाब आले. वाटणीची रीत त्यांनी नीट समजावली — बायकोला आठवा हिस्सा, बाकी लेकरांचं, मुलीला मुलाच्या निम्मं. आणि मग म्हणाले, पोटात लेकरू असलं तर त्याचाही वाटा हाय. मुलगा धरून तो राखून ठेवायचा, जन्मल्यावर काय ते बघायचं. घरात तसं काही हाय का? नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस इद्दत पाळायची, त्यात बाई परक्या पुरुषांपुढं येत न्हाई, म्हणून मलाच म्हणाले, जा, आत विचारून या.

मी आत गेलो. ती जपाची तसबी घेऊन बसलेली, कोपऱ्यात तो पाळणा. तिनं मान वर केली. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं काय आलं, सांगू? अब्बा न्हाई. रान — मधोमध बांध घातलेलं. मी म्हणालो, "पाणी हाय का?" तिनं उठून तांब्या भरून दिला. मी उभ्यानंच प्यालो, बाहेर आलो आणि काझीसाबांना म्हणालो, "न्हाई जी."

महिना व्हायच्या आत तिला भावाकडं पालमला पोचवलं. इद्दत पुरी झाली नव्हती, तरी. आठवा हिस्सा दिला — खडकाळ माळ! पाळणा परत माळ्यावर टाकला.

काही महिन्यांनी तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. म्हणाला, बहिणीला मुलगी झाली. कानात अजान मी दिली, पण सातव्या दिवशी नाव ठेवायला बापाकडचं कुणी पाहिजे, तुमी चला. ओट्यावर गावातली चार माणसं बसलेली. गेलो असतो तर काय — ती माझी बहीण ठरली असती, रानात बांध पडला असता. मी म्हणालो, काझीसाबांपुढं तर लेकरू नव्हतं, आता कुठून आलं? असं म्हणालो मी. माझ्या बापाच्या बायकोबद्दल, चार माणसांत.

तो भांडला न्हाई. तिला विचारतो म्हणाला. आठ दिवसांनी परत आला, त्याच ओट्यापुढं उभा राहिला.

"ती म्हणती, तुमी तर फक्त पाणी मागितलं होतं."

सगळे माझ्याकडं बघायले. अजूनही वेळ गेली नव्हती. एक 'हो' म्हणायचं होतं — जीभ काय झडणार होती?

मी म्हणालो, "खोटं बोलायलीय ती."

त्या पोरीला पुढं पालममध्ये लोक विचारत राहिले, तू कोणाची गं? ते माझ्या कानावर यायचं. मी ऐकायचो आणि औत घेऊन रानात जायचो. सगळं रान मीच कसलं, तिच्या वाट्यासकट.

मी पाणीच मागितलं होतं.