विहीणबाईंची मोटार
परवा जुन्या चामडी पिशवीला खोबरेल चोळत होते, त्या वासाने मला साठ-एकसष्ट सालचं आमचं वणी गाव आठवलं. कापसाच्या जिनिंगवाल्या शेठची विलायती मोटार एकेकाळी गावातल्या प्रत्येक वरातीत असायची. पण तिचे सुटे भाग मिळेनात, आणि खाणींच्या रस्त्यावर धावणाऱ्या जिपांपुढे तिला कोणी विचारेना. माझ्या बहिणीच्या लग्नातही नवरदेवाने जीपच मागितली. मोटारीचे म्हातारे ड्रायव्हर चाचा आईकडे आले. "बाई, या लग्नाच्या सीझनले बुलावा नाही आला तं शेठ गाडी भंगारात देतो म्हनून राह्यले. मंग मले कोन ठेवते?" आई म्हणाली, "विहीणबाईले आना तिच्यात." चाचांनी आनंदाच्या भरात लग्नाच्या सकाळी चामडी सीटला वाटीभर खोबरेल चोळलं. मांडवाशी विहीणबाई ऐटीत उतरल्या, तर त्यांच्या शालूवर मागे परातीएवढा डाग! चाचांचा चेहरा उतरला. शेठ चार पावलांवर उभे होते. आईने आहेरातली मानाची शाल उचलली आणि विहिणीच्या खांद्यांवरून डाग झाकेल अशी पार खाली सोडली. "हे तं लग्न लागल्यावर असते नं?" विहीणबाईंनी विचारलं. "तुमचा मान पह्यले, बाई." विहीणबाई फुलल्या आणि शेठला म्हणाल्या, "जीप राहू द्या तिकडे. मले जातानाही हेच मोटार पाहिजे." त्या बोलण्यावर मोटार आणखी दोन हंगाम चालली, मग भंगारात गेलीच. आईच्या जागी मी असते, तर डाग सरळ सांगून मोकळी झाले असते, आणि चाचांची नोकरी तिथेच मांडवात गेली असती.