बसवराज आप्पांची सिमेंटची पोती

पाटोद्यात सिमेंट-सळईचं दुकान चालवणाऱ्या बसवराज आप्पांना वजनातलं सगळं कळतं, असं खुद्द आप्पांचं मत होतं. उसानं लादलेल्या ट्रॅक्टरचं तोंड चढावर उचलायला लागलं की पुढं दोन माणसं बसवतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. तेवढ्या भांडवलावर ते गावाला शहाणपण वाटत.

मुलाच्या, रुद्रेशच्या लग्नासाठी त्यांनी पुण्याहून जुनी लाल स्पोर्ट्स कार आणली. इंजिन मागं, डिक्की पुढं. पहिल्याच फेरीत स्टिअरिंग हाताला पोकळ लागलं. पुढं भार नाही, असं निदान करून आप्पांनी डिक्कीत सिमेंटची दोन पोती टाकली. स्टिअरिंग जड झालं, आप्पांची मान ताठ झाली.

रुद्रेशनं परोपरीनं सांगून पाहिलं. पोत्यांनी पुढची चाकं दबतील, पण मागचं इंजिन काही हलकं होत नाही. वेग कमी करायचा तो वळणाआधी. वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की भार पुढं सरकतो, मागची चाकं पकड सोडतात आणि ते जड बूड बाहेर पळतं.

"तू कवा ट्रॅक्टर चालवलाय?" आप्पांनी विचारलं. त्यांनीही चालवला नव्हता, नुसता लांबून पाहिला होता.

नवरदेवाला आपण स्वतः दारात उतरवणार, असं त्यांनी युसूफ वडगाव या गावच्या व्याह्यांना छाती ठोकून सांगितलं होतं. आता गाडी दुसऱ्याच्या हाती दिली असती, तर आप्पांचं नाक कुठं राहिलं असतं?

लग्नाच्या दिवशी युसूफ वडगावच्या तोंडाशी वळण आलं. पलीकडे बँड, हार घेतलेले व्याही, सगळी पाहुणेमंडळी. आप्पा तोऱ्यात वळणात शिरले, समोर ढोलवाला दिसला आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला गेला. गाडी गर्रकन फिरली ती पाटोद्याकडं तोंड करून कापसाच्या रानात रुतली. डिक्की उघडली, पोतं फुटलं आणि नवरदेव उतरला तो डोक्यापासून पायापर्यंत करडा. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं, त्यामुळे लोक मोकळेपणानं हसले.

आप्पांनी कपडे झटकत व्याह्यांना समजावलं, "एक पोतं कमी पडलं."

अक्षता पडल्या, जेवणं झाली. पाठवणीच्या वेळी धुतलेली गाडी मांडवापुढं उभी राहिली. डिक्कीत आता तीन पोती होती आणि स्टिअरिंगवर पुन्हा आप्पाच. नवी सून ईश्वरी डोळे पुसत आली, आत डोकावली. गाडीला सीट दोनच.

"मामा, मी कुठं बसू?"

आप्पांनी शेजारच्या सीटकडं पाहिलं, मग रुद्रेशकडं. या गाडीत कुठलं वजन कुठं ठेवायचं, यावर त्यांनी झोप घालवली होती. सुनेचा विचार एकदाही मनात आला नव्हता. त्यांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली.

रुद्रेशनं आप्पांच्या बाजूचं दार उघडलं. "उतरा, आप्पा. तुमी बसमधनं या."

आप्पा उतरले. वऱ्हाडाच्या बसमध्ये तोवर सगळ्यात मागची सीट तेवढी उरली होती.