गाढवाचे मागचे पाय

पुंजाजी अमरावतीच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात रुईच्या गाठी उचलायचा. दाबून, पट्ट्या मारलेली गाठ जवळजवळ पाच मणांची असते. ती चौघांनी उचलायची. दोघे पुढे, दोघे मागे. पुढच्यांना मुकादम पाहतो, मागच्यांना कोणी पाहत नाही. मागच्याने नुसते हात लावले आणि तोंड वाकडं केलं तरी गाठ चालते. वजन तेवढं दुसऱ्याच्या कमरेत उतरतं. पुंजाजीची माणूस पारखायची रीत यातूनच आली होती. माणसाला मागे लावायचं, आपण पुढे लागायचं, आणि वळून न पाहता चालायचं. तोंडं पाहून त्याने कधी कोणाला टोळीत घेतलं नाही.

टोळीचा आणखी एक नियम होता. भार हवेत असताना कोणी सुटला, तर जवळ असेल त्याने हात घालायचा. तू कोण, मी कोण, हे भार खाली ठेवल्यावर.

मूळचा तो नांदगाव खंडेश्वरकडचा. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. परत आल्यावर देव्हाऱ्यातले देव टोपल्यात भरून एकट्याने नदीवर नेले. वाटेत दोघांनी टोपलं घेऊ का म्हणून विचारलं. त्याने दिलं नाही. बायको केशरबाई मुलगी लहान असतानाच गेली होती. घर त्याच्या विधवा बहिणीने, चतुराबाईने चालवलं. चतुराबाई बोलायला लागली की पुंजाजी विडी पेटवायचा.

एकसष्ट साली मुलीला, इंदूला, दोन स्थळं आली. एक नांदगावच्या तालुका कचेरीतला चपराशी. दुसरा अकोल्याला मिशनच्या दवाखान्यात वॉर्डबॉय, जयवंता नावाचा. दोन्हीकडची माणसं येऊन इंदूला पाहून गेली होती. जयवंता स्वतः आला नव्हता, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. नांदगावचा माणूस नाताळाच्या दुसऱ्या दिवशी पक्कं उत्तर घ्यायला येणार होता. म्हणून नाताळाच्या दिवशी कारखाना बंद पाहून पुंजाजी आणि चतुराबाई अकोल्याला मुलगा पाहायला निघाले. हो की नाही, ते त्याच दिवशी ठरायचं होतं.

निघताना इंदू म्हणाली, "बा, तोंड पाहून फसू नका. हातपाय कसे चालतात ते पाहा."

"ते मले सांगतं तू?" पुंजाजी म्हणाला.

बडनेऱ्याला गाडी रखडली. अकोल्याला पोचेपर्यंत दिवस मावळायला आला होता. दवाखान्याच्या फाटकाशी जयवंताचा काका किसनराव उभा होता. तो तिथेच बागेत माळीकाम करायचा.

"जयभीम," पुंजाजी म्हणाला. "पोरगा कुठी आहे?"

"आहे न. पण आता भेटाचा नाही. तो सराईवाला होऊन राह्यला."

"काय होऊन राह्यला?"

"नाताळाचं नाटक आहे आज. येशूच्या जन्माची गोष्ट."

"किरिस्तान झाला काय तो?" चतुराबाईने विचारलं.

"नाही व माय, नाटकापुरता. नट आहेत चार अन् माणसं आहेत गोष्टीत पुष्कळ. म्हून त्याच्याकडे पाच कामं आहेत."

"कोनती पाच?"

"सराईवाला, मेंढपाळ, देवदूत, दुष्ट राजा."

"हे चारच झाले."

किसनरावाने जमिनीकडे पाहिलं. "अन् गाढवाचे मागचे पाय."

चतुराबाई भावाकडे वळली. "नांदगाववाला साह्यबाच्या खुर्चीजवळ तरी उभा राह्यते," ती म्हणाली. पुंजाजीने विडी पेटवली.

नाटक दवाखान्याच्या ओसरीवर होतं. मागे दोन चादरींचा पडदा, पुढे एक गॅसबत्ती. अंगणात पेशंट घोंगड्या पांघरून बसले होते, त्यांच्या शेजारी त्यांचे डबे घेऊन आलेले नातेवाईक. किसनरावाने पाहुण्यांना अगदी पुढे, ओसरीच्या पायरीला लागून बसवलं. गोष्ट अशी होती. एक सुतार आपल्या गरोदर बायकोला गाढवावर बसवून दूरच्या गावाला नेतो. तिथे सराईत कोणी जागा देत नाही. शेवटी एका गोठ्यात बाळ जन्मतं. सुतार म्हणजे शाळेचे मास्तर. त्याची बायको व्हायची ती सडपातळ नर्स त्याच सकाळी तापाने पडली होती. तिच्या जागी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातल्या बेबीताई उभ्या केल्या होत्या. बेबीताई मोठ्या पातेल्यातलं वरण एका हाताने उतरवायच्या. त्यांना पाहिल्याबरोबर पुंजाजीने मनात वजन धरलं आणि गाढवाची वाट पाहू लागला.

गाढव आलं. दोन बांबू, मध्ये बाजेसारखी दोरीची वीण, वरून दवाखान्याचं तपकिरी ब्लँकेट. पुढे मोतीराम कंपाउंडर, डोक्यावर कागदाच्या लगद्याचं गाढवाचं मुंडकं. मागे जयवंता. त्याचे गुडघ्याखालचे पाय तेवढे दिसत होते. बांबू हातात धरून, कमरेत वाकून चालायचं होतं. खांद्यावर घेतले असते तर गाढवाचा उंट झाला असता. रंगीत तालीम सडपातळ नर्सवर झाली होती.

बेबीताई बसल्या. दोरी करकरली. गाढव चार पावलं चाललं.

"पयल्या बाळंतपणाले हिले इतक्या दूर कावून नेऊन राह्यला हा?" चतुराबाईने मोठ्याने विचारलं. "हिले माहेर नाही काय?"

"काय माहीत बाप्पा," मागून एक पेशंट बाई म्हणाली. "सासूबी दिसत नाही संग."

पाचव्या पावलाला मोतीराम थांबला. पुढचे बांबू हळूहळू खाली आले. बेबीताई पुढे घसरल्या. मोतीराम ब्लँकेटमधून बाहेर आला, कमरेवर हात ठेवून प्रेक्षकांकडे पाहत म्हणाला, "माह्याच्यानं नाही होत. मी औषधं बांधणारा माणूस आहो." आणि चालायला लागला. मुंडकं काढायचं त्याला सुचलं नाही. गाढवाचं डोकं बागेतून, हौदाजवळून, फाटकाबाहेर निघून गेलं.

गाढवाचे मागचे पाय जागेवर राहिले. बांबूची मागची टोकं तसूभरही खाली आली नव्हती. मास्तरांनी काठी आपटून "चला, नगर जवळ आले!" असं दोनदा म्हटलं. नगर जवळ येण्याची काही सोय नव्हती.

पुंजाजी उठला, पायरी चढला, ब्लँकेटचं पुढचं टोक उचलून आत शिरला आणि बांबू धरले. कोणाला विचारायची गरज त्याला वाटली नाही. भार हवेत होता. ब्लँकेट आखूड पडलं, म्हणून त्याचा पांढरा फेटा बाहेर राहिला. फेटा बांधलेलं गाढव उभं राहिलं आणि निघालं. अंगणात टाळ्या पडल्या.

"माहा भाऊ आहे तो," चतुराबाईने शेजारणीला सांगितलं.

"कोण आहे?" मागून ब्लँकेटच्या अंधारातून आवाज आला.

"चाल. डावा पाय आधी."

मागचा डावा पाय पडला. काही न सांगता पुढची पावलंही जुळली. पुंजाजीने हे ध्यानात घेतलं. नवा माणूस पहिल्या खेपेला पाय जुळवत नाही, हिसके देतो.

"मामा, कुठले तुमी?"

"अमरावतीचा."

"मुलगी पाहाले किसनकाका आले होते, ते अमरावतीचे?"

"तेच."

"जयभीम मामाजी."

"आत्ताच मामाजी नोको म्हनू. बांबू पाह्य."

सराई आली. म्हणजे एक दार रंगवलेला पुठ्ठा. इथे गाढवाने थांबायचं, मोतीरामने बांबूखाली तिपाई सारायची, आणि जयवंताने मागून निसटून पुठ्ठ्याआड सराईवाला व्हायचं, असं बसवलं होतं. तिपाई सारणारा तर गाढवाचं डोकं घेऊन घरी गेला होता. मास्तरांनी दार वाजवलं. पुठ्ठ्यामागे कोणी नव्हतं. मास्तरांनी पुन्हा वाजवलं आणि गाढवाच्या मागच्या बाजूकडे डोळे मोठे करून पाहिलं.

"जागा नाही!" गाढव मागून ओरडलं.

अंगणात हसण्याने घोंगड्या हलायला लागल्या.

"अवं, गाढवच म्हनून राह्यलं, जागा नाही!" पेशंट बाई म्हणाली.

मास्तर पाठ केल्याप्रमाणे चालले. तीन वेळा विनवायचं, दोन वेळा नकार, तिसऱ्यांदा गोठा. पहिल्या विनवणीचं उत्तर आधीच मिळालं होतं, तरी ती लांबलचक विनवणी त्यांनी पूर्ण केली. दुसरी तिच्याहून लांब. "हे भल्या गृहस्था, माझी पत्नी प्रवासाने अत्यंत थकली आहे..."

"ती कशाची थकते!" चतुराबाई ओरडली. "खालचे थकले!"

खरंच बेबीताई आरामात बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला.

पुंजाजीने इथे आपलं पारखायचं काम केलं. त्याने पुढची पकड किंचित सोडली. कामचोर सोडतो तेवढीच. भार मागे गेला. कच्चा माणूस असता तर ओरडला असता, नाहीतर त्यानेही सोडलं असतं आणि बेबीताई मास्तरांवर आल्या असत्या. मागे दोन्हींपैकी काहीच झालं नाही. बांबूवर हात घासल्याचा आवाज आला. जयवंताने आपले हात वीतभर पुढे सरकवले होते, जास्तीचं वजन घ्यायला.

पुंजाजीने पकड पुन्हा आवळली. नांदगावचा चपराशी त्याच्या मनातून तेव्हाच उतरला.

"जागा नाही!" गाढव दुसऱ्यांदा ओरडलं, आणि लगेच हलक्या आवाजात म्हणालं, "मामा, हात भरून आले असतील तुमचे."

"माह्यं नोको पाहू. तुहं काम कर."

"तुमचे गुडघे कापून राह्यले. बांबूत कळते मले."

गुडघे कापत होते. पन्नाशी उलटली होती. आजवर मागचा कसा आहे हे त्याने पुढून पारखलं होतं. पुढच्याचं मागच्याला कळावं, असं कधी झालं नव्हतं.

मास्तरांनी तिसऱ्या विनवणीसाठी छातीत हवा भरली. ती सगळ्यात लांब होती, आणि तिच्यात आकाश, तारे आणि मानवजात येत होती. "हे निष्ठुर मानवा..."

"समजलं, समजलं!" गाढव म्हणालं. "मागं गोठा आहे. आमी जाऊन राह्यलो, तुमी मागून या!"

आणि गाढव बेबीताईंना घेऊन पडद्याआड गेलं. मास्तर बंद दारासमोर एकटे उरले. त्यांनी विनवणी पूर्ण केली. मास्तर होते, अर्धवट सोडणाऱ्यांपैकी ते नव्हते. पुंजाजीला नंतर त्यांचाही आदर वाटला.

पडद्याआड अंधार होता. भार खाली ठेवला. "बसा तुमी," एवढं म्हणून जयवंता पळाला, कारण त्याला मेंढपाळ व्हायचं होतं. पुंजाजी तिथेच भिंतीला टेकून बसला. बाहेर आकाशातून देवदूत बोलला तेव्हा त्याने चादरीच्या फटीतून पाहिलं. देवदूताच्या तोंडाला पीठ फासलं होतं आणि हनुवटीवर मेंढपाळाची कापसाची दाढी होती. डिंक सुटला नव्हता. दुष्ट राजालाही तीच दाढी होती.

परतीच्या गाडीची वेळ झाली तरी राजा मरायचा होता. फाटकाशी किसनराव हात जोडून म्हणाला, "माफ करा, पोरगा काही तुमाले दाखवता आला नाही."

"पाह्यला," पुंजाजी म्हणाला. "आमच्याकडून होकार समजा."

चतुराबाई गाडीत बडनेऱ्यापर्यंत बोलली. पुंजाजीच्या विड्या संपल्या.

दुसऱ्या दिवशी नांदगावच्या माणसाला चहा आणि नकार दिला. तो गेल्यावर इंदू चुलीपाशी येऊन बसली. "बा, दिसाले कसा आहे?"

पुंजाजीने विचार केला. "तूच म्हनली होती, तोंड पाहू नका."

"म्हून अजिबातच नाही पाह्यलं?"

"दाढी होती."

"दाढीवाला आहे?"

"कापसाची."

"अन् रंग?"

"पिठाचा."

इंदू आत्याकडे वळली. "मागचे पाय चांगले आहेत, म्हनते तुहा बाप," चतुराबाई म्हणाली. "तंगड्या पाहून पोरगी देनारा बैलबाजारातबी नाही सापडाचा." इंदू आधी रडली, मग हसली, मग परत रडली.

लग्न वैशाखात ठरलं. अकोल्याची माणसं बडनेऱ्याला उतरणार होती. पुंजाजी हार घेऊन फलाटावर उभा राहिला. गाडी आली, डब्यातून पांढऱ्या कपड्यांची गर्दी उतरली, आणि त्याच्या ध्यानात आलं की यातला नवरदेव कोणता, हे त्याला सांगता येणार नाही.

"कोनता व?" इंदूची मैत्रीण चतुराबाईला विचारत होती.

"याले इचार. यानं पसंत केला."

सगळ्यात झोकदार कोट घातलेला एक माणूस लोखंडी पेटीचं पुढचं टोक धरून येत होता. पुंजाजीने हार उचलला. तेवढ्यात कोटवाला थांबला, "माह्याच्यानं नाही होत," म्हणाला, आणि त्याने टोक सोडलं. तो मोतीराम होता.

पेटीचं मागचं टोक खाली आलं नाही. ते धरणाऱ्या पोराने हात वीतभर पुढे सरकवले.

पुंजाजी कोटाला वळसा घालून मागे गेला आणि हार त्या पोराच्या गळ्यात घातला. पोराचे दोन्ही हात गुंतले होते, म्हणून त्याने मान वाकवली.

"जयभीम मामाजी."

"हं," पुंजाजी म्हणाला. पुढे जाऊन त्याने पेटीचं सुटलेलं टोक उचललं. "डावा पाय आधी."

दोघे फलाटावरून चालायला लागले. पोराचं तोंड कसं आहे, हे पाहायचं पुंजाजीला स्टेशनच्या पुलापर्यंत सुचलं नाही, आणि पुलावर, भार हातात असताना, वळून पाहणं बरोबर नव्हतं.