चतुराबाईंचा वर्तमानकाळ

अमरावतीच्या एका शिशुगृहात चतुराबाईंनी सत्तावीस वर्षं लेकरं सांभाळली. न्हाऊ घातली, भरवली, तापात मांडीवर घेऊन बसल्या, आणि आईबाप मिळाले की काजळाची तीट लावून एकेकाला निरोप दिला. काम सुटल्यावर त्या अकोल्याला मुलाकडे, मनोजकडे राहायला आल्या. तिथे गेल्या श्रावणात शिशुगृहातून फोन आला. खुशी येणार होती.

खुशीला अडीच वर्षांची असताना इटलीच्या एका जोडप्यानं दत्तक नेलं होतं. आता ती अठ्ठावीस वर्षांची. संक्रांतीनंतर येते म्हणाली होती, आणि मला सांभाळणारी बाई असेल तर भेटायचंय, असंही तिनं कळवलं होतं.

चतुराबाईंना आनंद झालाच, पण त्याच्या मागोमाग जुनी बोचही वर आली. खुशी लहानपणी झोपायला फार कठीण. डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून हळूहळू चोळली, तरच तिचा डोळा लागे. न्यायला आलेल्या आईनं निघताना चतुराबाईंचा हात धरून काहीतरी लांबलचक विचारलं होतं. दुभाष्याला गाडीची घाई. "मुलीबद्दल काही सांगायचं आहे का?" एवढंच त्यानं विचारलं. चतुराबाईंनी कानाचं सगळं सांगितलं; त्यानं त्याचे दोन शब्द केले. त्या आईच्या चेहऱ्यावरूनच चतुराबाईंना कळलं, की कानाची गोष्ट काही तिच्यापर्यंत पोचली नाही. परमुलखात पोर रडत असेल आणि कोणाला कळत नसेल, हे त्यांच्या मनातून इतक्या वर्षांत गेलं नव्हतं.

"या खेपेले मी सोता सांगीन," त्या मनोजला म्हणाल्या.

"आई, दुभाषी राहीन ना संगं."

"मांगंही होता."

वरच्या मजल्यावर कहकशाँ राहायची. उर्दू शाळेत शिक्षिका. तिनं फोनवर हिंदीतून इटालियन शिकवणारे धडे शोधून दिले. चोवीस धडे, नुसते ऐकायचे. एक बाई वाक्य म्हणायची, मग गप्प राहायची. त्या गप्प जागेत आपण म्हणायचं. चतुराबाई चौथी शिकलेल्या, त्यामुळे वाचायचं नाही हे त्यांना फार बरं पडलं.

अंबाडी निवडताना, कपडे वाळत घालताना कानात धडे सुरू. "बोंजोर्नो", म्हणजे सुप्रभात, आधी घरातल्यांनी झेललं, मग दूधवाल्यानं. काही शब्द तर ओळखीचेच निघाले.

"कहकशाँ, तिथंही तू ले तूच म्हणते व! नऊ म्हंजे नोवे. नाक म्हंजे नासो. दात म्हंजे देंते."

"और हात, मावशी?"

"मानो. हाताले मानो म्हणते, मंग मानेले काय म्हणत असन थे लोक?"

पण दहाव्या धड्याशी त्या चिडल्या. कॉफी द्या, स्टेशन कुठे आहे, तिकीट कितीचं, एवढंच चाललेलं. "मले काय तिथं कॅन्टीन टाकाचं हाये? कान कवा येते?"

कान सतराव्या धड्यात आला. ओरेक्यो. जीभ वळेना. स्वयंपाक करता करता त्यांनी तो शब्द दिवसभर घोळला. रडणं हा शब्द धड्यांत नव्हताच; तो कहकशाँनं वेगळा शोधून दिला.

जायला दहा दिवस राहिले, तेव्हा खरी अडचण कळली. 'आहे' म्हणता येत होतं, 'होतं' म्हणता येत नव्हतं. झालेल्या गोष्टी पुढच्या भागात शिकवतात, असं कहकशाँनं सांगितलं, आणि तो भाग अजून आलेला नव्हता.

चतुराबाईंनी फोन बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "राहू दे. झालेलं आत्ताच होऊन राहिलं, असं सांगीन."

ठरल्या दिवशी सकाळच्या बसनं त्या अमरावतीला गेल्या. शिशुगृहाच्या ऑफिसात खुशी उभीच होती. उंच, केस आखूड, हातात तिळगुळाचा डबा. तो तिला कोणीतरी दिलेला, आणि ठेवायचं ती विसरलेली. सोबत नागपूरची दुभाषी होती, गीतांजली नावाची. मुलगी बिचारी चांगली होती. तिनं दोघींना बसवलं, पाणी दिलं आणि बोलायला तोंड उघडलं, तसा चतुराबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जराशीक थांब, बाई."

त्यांनी पदर सावरला आणि सुरुवात केली.

"तू सेई पिक्कोला." तू लहान आहेस.

"तू प्यांजी. तू नोन दोर्मी." तू रडतेस. तू झोपत नाहीस.

गीतांजली हलक्या आवाजात म्हणाली, "मावशी, 'होतीस' म्हणायचंय ना? मी सांगते..." खुशीनं तिच्याकडे न बघताच हात वर करून तिला थांबवलं.

"यो तेंगो लोरेक्यो." मी कान धरते. बोलता बोलता चतुराबाईंची दोन बोटं आपोआप खुशीच्या डाव्या कानाला लागली. "दोपो, तू दोर्मी." मग तू झोपतेस.

खुशीनं डोळे मिटले. गालावरून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. मग तिनं फोन काढला आणि आईला व्हिडिओवर बोलावलं. पडद्यावर पांढऱ्या केसांची बाई आली, चतुराबाईंना ओळखून तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले, आणि भडाभडा बोलू लागली. आता मात्र गीतांजलीशिवाय गत्यंतर नव्हतं. तीही एकेक वाक्य जपून सांगत गेली.

"त्या म्हणतात, दोन रात्री ही रडली. तिसऱ्या रात्री हिनं स्वतःच माझा हात ओढून कानाशी नेला. मला वाटलं, कान दुखतोय. डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, कान ठणठणीत आहे. तेव्हा मला उमजलं, की तिकडे कोणीतरी हिचा कान रोज धरत होतं. तुमचं नाव मला ठाऊक नव्हतं, पण मी रोज तुमचे आभार मानलेत."

चतुराबाईंनी पदरानं खुशीचे गाल पुसले. "म्हंजे माह्या पोरीनं सोताच सांगतलं," त्या म्हणाल्या. मग फोन जवळ घेऊन त्या आईला म्हणाल्या, "ग्रात्सिए, सिन्योरा. ग्रात्सिए." आभार, बाई. पोर आपल्याजवळ असताना आपण धरला तो कान, पुढे या बाईनं धरला होता. त्याहून मोठे शब्द त्यांच्याजवळ नव्हते, आणि त्या घडीला लागलेही नाहीत.

अकोल्याला परतल्यावर त्यांनी कहकशाँला सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "त्या शिकवणाऱ्या बाईले लिहिता येईन काय?"

येत होतं. धड्यांच्या खाली जागा होती. चतुराबाई सांगत गेल्या.

"बाई, तुमी मले पाह्यलं नाई, मी तुमाले पाह्यलं नाई. हर वाक्यापुढं तुमी माह्यासाठी जागा सोडली. त्या जागेत बोलून बोलून मी माह्या लेकराशी बोलली. तुमचे लय उपकार हायेत. आता झालेलं कसं म्हणतेत, थेही शिकवा."

"मावशी, हिंदीत करून लिहू? त्यांना वऱ्हाडी समजणार नाही."

"लिही. पन त्यातलं काहीच कमी करू नोको."

कहकशाँनं लिहिलं आणि वाचून दाखवलं. चतुराबाईंनी एकेक वाक्य ऐकून मान डोलावली, मग म्हणाल्या, "हं, आता धाड."