शकूमावशीबरोबर तोरण्यावर

शकूमावशी गेली.

आज सकाळी चहाचं आधण ठेवलं, छातीत दुखतंय म्हणाली, ओट्याशी खाली बसली. उठलीच नाही.

धायरीत तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी चार वर्षं भाड्याने राहतेय. अमरावतीहून आलेली, आयटीतली.

मागच्या ऑक्टोबरमध्ये माझा जॉब गेला.
घरी सांगितलं नाही. दिवसभर पडदे लावून पडून राहायचे.

एका शनिवारी मावशी वर आली. नऊवारी, पायात मुलाचे जुने स्पोर्ट्स शूज.

"ऊठ. तोरण्याला जायचंय. लहानपणी गुरांमागं लई फिरले तिकडं. पोरांना येळ नाय, तू चल."
"मावशी, मूड नाही गं."
"मूड हितंच ठेव. तू चल."

स्कूटीवरून पायथ्याच्या वेल्ह्याला गेलो. चढावर सोनकी फुललेली, गवत पिवळं पडू लागलेलं, आणि डोक्यावर ऑक्टोबरचं ऊन.
सहासष्ट वर्षांची मावशी पुढे. मी मागे, धापा टाकत.

रेलिंग लावलेल्या कड्यावर मी खाली पाहिलं आणि रेलिंग घट्ट धरलं. तिथेच बसले. रडायलाच लागले.
"माझ्याने काहीच होत नाही, मावशी."

ती दोन पावलं खाली येऊन शेजारी टेकली.
"नोकरी गेली न्हवं तुझी?"
"तुला कुणी सांगितलं?"
"सांगाया कशाला पायजे? तीन आठवडं तुझी गाडी हाललेली नाय."

मागे ट्रेकर्सची रांग लागलेली. कुणीतरी ओरडलं, "काकू, चला ना लवकर!"

मावशी शांतपणे म्हणाली, "थांबा रं जरा. लेक दमलीय माझी."

सगळे थांबले. मी पोटभर रडले. मग तिने मनगट धरलं आणि आम्ही चढलो.

वर देवळापाशी तिने भाकरी-ठेचा काढला. मोबाईलला रेंज होती.
"आईला फोन लाव."

लावला. सगळं सांगितलं. आई म्हणाली, "जेवलीस का?"

मावशीने फोन घेतला.
"माझ्यासमोर जेवतीय. तुम्ही नगा काळजी करू."

दोन महिन्यांनी नवा जॉब लागला. पेढे घेऊन खाली गेले तर म्हणाली, "आता खोली झाड."

आज दुपारी तिला नेताना बायका दारातूनच परत फिरल्या. त्यांच्यात बायका स्मशानात जात नाहीत.
मी तिच्या मुलांच्या मागोमाग चालत राहिले. थोरल्याने वळून पाहिलं. पुढे जाऊन माझ्यासाठी थोडी जागा केली.

मावशी, नमस्कार गं.
सावकाश जा.