बैलाचं नाक धरणारा कुत्रा

तो कुत्रा आमच्याकडे आला तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. एकोणीसशे तीस सालच्या मागेपुढे कधीतरी. नवरा बोटीवर खलाशी. बोट विलायतेला जाऊन मुंबईला परतली की ते महिना-दीड महिना घरी असत आणि पुन्हा निघत. रेवदंड्याच्या खाडीकाठी आमच्या मोहल्ल्यात निम्म्या घरांचं हेच होतं. कोणी येताना चिनी बशा आणी, कोणी घड्याळ. माझ्या नवऱ्याने त्या खेपेला कुत्रा आणला.

मी दारात उभी होते. ते बंदराकडून खांद्यावर पेटी घेऊन येत होते आणि दुसऱ्या हातात साखळी होती. साखळीला एक पांढरा, आखूड केसांचा, रुंद छातीचा कुत्रा. डोकं लांबोडकं, अंड्यासारखं, डोळे बारीक, एक कान अर्धा तुटलेला. सुकत घातलेल्या बोंबलांभोवती जगणारी गावची आठ-दहा कुत्री त्यांच्या मागे लागली होती. गल्लीत शिरल्यावर ती एकदम अंगावर आली.

गावठी कुत्री आधी भुंकतात, दात दाखवतात, थोडी मागे सरतात. त्यांच्या भांडणात बोलणं असतं. या कुत्र्याकडे बोलणंच नव्हतं. तो भुंकला नाही, गुरगुरला नाही. सगळ्यांत पुढे आलेल्या तांबड्या कुत्र्याचा पुढचा पाय त्याने तोंडात धरला आणि डोळे मिटून उभा राहिला. तांबडा किंचाळत होता. बाकीची कुत्री पांढऱ्याची पाठ, कान, मांड्या फाडत होती आणि त्याला त्याचं काहीच नव्हतं. मग हाड मोडल्याचा आवाज आला. तो मला दारापर्यंत ऐकू आला.

नवऱ्याने पेटी टाकली, लाथा मारून कुत्री पांगवली आणि कमरेची एक लाकडी पाचर काढली. ते कुत्र्यावर घोड्यावर बसल्यासारखे बसले, मांड्यांत त्याला आवळला, दाढांच्या मागच्या फटीतून पाचर सारली आणि पिळली. जबडा उघडला. तांबडा तीन पायांवर पळाला आणि दोन दिवसांनी पुळणीवर मेला.

सासू म्हणाली, "याला घरात आणायचा नाही. कुत्रं असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत."

"वाडीत बांधतो, मां. राखणीला कुत्रा चालतो."

तो माडांच्या वाडीत, उंडीच्या झाडाखाली राहिला. आठ दिवसांनी नवऱ्याने मला तिथे बोलावलं. "मी गेल्यावर याचं तुलाच बघायचं आहे. म्हणून हा काय आहे ते ऐकून ठेव. याला कशासाठी केलाय, माहीत आहे?"

"कुत्र्याला कोण करतो? अल्ला करतो."

"कुत्रा अल्लाने केला. हा माणसाने केला."

ही सगळी हकीकत त्यांना बोटीवरच्या खाटकाने सांगितली होती. बोटीवर जिवंत जनावरं असत, ती कापायला गोरा खाटीक असे, आणि प्रवाशांनी आणलेली कुत्रीही त्याच्याच ताब्यात असत. या कुत्र्याचा मालक येताना तापाने मेला, त्याला समुद्रातच सोडून दिलं, आणि कुत्रा खाटकाकडे राहिला. मुंबईला त्याने तो माझ्या नवऱ्याला दिला. कुत्र्यांचे पिंजरे धुणारे तेच होते.

त्या खाटकाच्या बापजाद्यांकडे म्हणे असेच कुत्रे असत. बैल कापायचा तर त्याला आवरायचा कसा? कुत्रा सोडायचा. कुत्र्याने खालून जाऊन बैलाचं नाक धरायचं, कारण बैलाला खरं दुखतं ते तिथेच. नाक धरलं की बैल मान खाली घालतो. पुढे लोकांना ते बघण्याचीच चटक लागली. गावच्या चौकात खुंट्याला बैल बांधायचे आणि एकेक कुत्रा सोडायचे. बैल कुत्र्याला शिंगावर घेऊन माणसाच्या डोक्याइतका उंच उडवायचा. पोट फाटलेला कुत्रा आतडी ओढत पुन्हा नाकाकडे जायचा. जो जायचा त्याचीच पिल्लं ठेवायचे. असं करून मारलेल्या बैलाचं मांस मऊ होतं, अशीही तिकडे समजूत होती.

"मग सरकारने ते बंद केलं," नवरा म्हणाला. "त्याला शंभरेक वर्षं झाली. पण माणसांची चटक कुठे बंद होते? बैल लपत नाही, कुत्रा लपतो. मग तळघरात कुत्र्यावर कुत्रा सोडायला लागले. जड कुत्रा चपळ व्हावा म्हणून उंदीर मारणाऱ्या लहान जातीशी त्याचा संकर केला. त्यातून हा निघाला."

मी म्हटलं, "आणि असलं जनावर तुम्ही माझ्या गळ्यात बांधताय?"

त्यांनी माझा हात धरला आणि कुत्र्याच्या तोंडात घातला. मी ओरडले. कुत्रा गप्प उभा होता, माझ्या बोटांवर त्याची जीभ गरम लागत होती.

"झुंजीच्या खड्ड्यात माणसंही उतरायची," ते म्हणाले. "कुत्रे सोडवायला हात घालावा लागतो. ज्या कुत्र्याने त्या वेळी माणसाचा हात चावला त्याला तिथेच मारून टाकायचे. पिढ्यान्‌पिढ्या. म्हणून हा हाताला चावत नाही. शिकवून नव्हे; चावणारे उरलेच नाहीत."

पुढच्या आठवड्यात ते बोटीवर गेले. जाण्याआधी पाचर कशी घालायची ते मला दोरखंडावर तीन-चारदा करायला लावलं.

भाद्रपद संपताना शेजारचा आगरी शेतकरी आला. आमच्या वाडीला लागूनच त्याचं शेत. "भाबी, कुत्रा द्या. भात निसवलंय न् डुकरं सगलं नांगरून टाकतायत."

सोडवायची रीत फक्त मला ठाऊक, म्हणून मीही सकाळी चादर डोक्यावर ओढून बांधावर गेले. हाकाऱ्यांनी तिवरांच्या झाडीतून एक मोठा एकल, कळप सोडून फिरणारा डुक्कर काढला. कुत्रा सरळ त्याच्या तोंडावर गेला. डुकराने सुळा मारून त्याचा खांदा उसवला, आतलं पांढरं दिसलं, तरी त्याने नाकपुडीशी पकड घेतली आणि आपलं सगळं वजन खाली टाकलं. डुकराची मान चिखलात गेली. शेतकऱ्याने बगलेत भाला घातला, काढला, पुन्हा घातला. डुक्कर मेल्यावरही कुत्रा सोडेना. मी चिखलात गुडघाभर उतरले आणि पाचर घातली. मग त्याचा खांदा जाळ्याच्या दोऱ्याने शिवला आणि वर हळद दाबली. सुई आरपार जात होती आणि तो शेतकऱ्याच्या बायकोकडे बघून शेपूट हलवत होता.

ही गोष्ट गावभर झाली, आणि खोताच्या मुलापर्यंत गेली. खोत म्हणजे आमच्या गावच्या जमिनीचा मालक. त्याच्या मुलाने त्याच वर्षी उत्तरेकडून एक कुत्रा आणला होता. वासराएवढा, करडा, गालांची कातडी लोंबणारा. कुत्र्याबरोबर एक राखणदार आला होता. तो सांगे की गोऱ्या पलटणींनी छावण्यांत आणलेले विलायती कुत्रे आणि तिकडचे दांडगे शिकारी कुत्रे यांची ही औलाद. याचे आजे-पणजे जमीनदारांच्या अंगणात साखळीने बांधलेल्या अस्वलांवर सोडत.

माझा धाकटा दीर खोताची जमीन कसायचा. तो म्हणाला, "भाबी, खोताचा मुलगा विचारतोय. दोघांची एकदा गाठ घालू या म्हणतो."

"नाही म्हणून सांग."

"खोताला नाही सांगू?"

"कुत्रा तुझ्या भावाचा आहे. तो आला की त्याला विचार."

दोन दिवसांनी दुपारी सासू आणि मी भात कांडत होतो, तेव्हा शेजारची आगरीण धावत आली. "भाबी, चल! तुजा कुत्रा खोताच्या खल्यात हाय. सोडीत न्हाय त्याला. मारून टाकतील."

मी वाडीत पाहिलं. साखळी नव्हती. कोनाड्यातली पाचर घेतली आणि पळाले.

खळ्याभोवती शंभरेक माणसं असतील. आवाज लांबूनच येत होता, खेळ बघताना पुरुष करतात तसला. आणि खरं सांगते, गर्दीत शिरताना कोणीतरी "पांढराच जिंकतो बघ" असं म्हणाला, तेव्हा माझ्या आत काहीतरी फुललं. आमचा जिंकतोय असं वाटलं. एक क्षणभरच. मग मी पुढे गेले आणि पाहिलं.

शेणाने सारवलेली जमीन रक्ताने काळी झाली होती. करड्याने पांढऱ्याच्या मानेचं वरचं कातडं धरलं होतं आणि ते खांद्यापासून सोललं गेलं होतं. पांढरा त्याच्या खाली होता, नरड्याला. करड्याचे डोळे पालथे झाले होते, पण राखणदाराला आपला कुत्रा वाचवायचा होता. दोन गडी मुसळाने पांढऱ्याच्या पाठीवर घाव घालत होते. तिसऱ्याने पेटती चूड त्याच्या कुशीला लावली होती. केस जळल्याचा वास येत होता. माझा दीर एका बाजूला उजवा हात लुंगीत गुंडाळून बसला होता. त्याने करड्याला मागे ओढायला हात घातला होता आणि करड्याने त्याची दोन बोटं तोडली होती.

खोताचा मुलगा ओरडत होता, "कमर मोडा त्याची! कोयता आणा!"

मी म्हटलं, "बाजूला व्हा." कोणी ऐकलं नाही. मुसळवाल्याला मी दोन्ही हातांनी ढकललं. मोहल्ल्याची सून खळ्यात उतरली, त्यानेच लोक गप्प झाले असावेत.

मी कुत्र्यावर बसले. मांड्यांत आवळला. त्याचा मागचा भाग थंड आणि ढिला लागला, ते तेव्हा मला कळलं नाही. करड्याचं तोंड माझ्या हातापासून वीतभर होतं आणि त्या तोंडात माझ्या दिराचं रक्त होतं. पांढऱ्याच्या दाढांमागची फट रक्ताने सापडेना. मी आंधळ्यासारखी बोटं आत घातली, त्याच्या दातांवरून फिरवली. नवऱ्याने सांगितलेलं सगळं त्या वेळी खोटं वाटत होतं. बैल, तळघरं, हाताला न चावणाऱ्या पिढ्या, सगळं. पण दुसरं काही हातात नव्हतं. पाचर बसली. मी पिळली. तो सुटला, आणि त्याचा एकही दात मला लागला नाही.

करडा बाजूला पडला. त्याच्या नरड्यातून थोडा वेळ बुडबुडे येत राहिले. मग थांबले. खोताचा मुलगा त्याच्याजवळ बसला आणि त्याने तोंड फिरवलं. राखणदार मोठ्याने रडायला लागला. माझा कुत्रा पुढच्या दोन पायांवर करड्याकडे सरकत होता. मागचे पाय नुसते फरपटत होते.

मी त्याला उचलला. आगरीण आणि मी, दोघींनी चादरीत घालून वाडीत आणला.

घरी अंगणात सासूने मला थांबवलं. कुत्र्याची लाळ लागली की सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीने. तिने कोपरापर्यंत माझे हात स्वतः धुतले. एकेक घागर ओतताना ती मोठ्याने मोजत होती. मातीने घासताना तिला माझ्या तळव्यात शिरलेली पाचरीची ढलपी दिसली. ती तिने दातांनी काढली. दिराला तोवर बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं. "माझ्या एका मुलाने आणला आणि दुसऱ्याने नेला," एवढंच ती म्हणाली.

कुत्रा तीन दिवस जगला. पाणी प्यायचा, ते तसंच खाली यायचं. चौथ्या सकाळी जखमेत किडे दिसले. मी शेतकऱ्याला बोलावलं. त्याने भाला आणला. "भाबी, तू घरात जा," तो म्हणाला. मी गेले नाही. कुत्र्याचं डोकं मी धरलं होतं. एका घावात झालं नाही, दोन लागले. उंडीखालीच पुरला.

नवरा सहा महिन्यांनी आला. सगळं ऐकून घेतलं आणि सरळ भावाकडे गेला. दीर होडीची दोरी गुंडाळत होता, तीन बोटांच्या हाताने, अजून नीट जमत नव्हतं. नवऱ्याने वल्हं उचललं आणि त्याला मारायला सुरुवात केली. खांद्यावर, पाठीवर, तोंडावर. दिराने हात वर केला नाही. सासू मध्ये पडली तेव्हा एक फटका तिला लागला आणि ती वाळूत बसली. तेव्हा ते थांबले. दोघे भाऊ पुढे नऊ वर्षं बोलले नाहीत. सासूच्या मयतीला एकाने डोक्याकडून खांदा दिला, दुसऱ्याने पायांकडून.

त्या खेपेला निघायच्या आदल्या दिवशी ते विहिरीवर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "तुला एक सांगितलं नव्हतं. तो खाटीक मला तिकडच्या गोदीत एका तळघरात घेऊन गेला होता. झुंज बघायला. याच कुत्र्याची, त्या मेलेल्या मालकाने लावलेली. कुत्र्याचा कान तिथेच तुटला."

मी पोहरा ओढत राहिले.

"मीही ओरडत होतो," ते म्हणाले. "सगळ्यांपेक्षा मोठ्याने. म्हणून तर त्याने कुत्रा मला दिला."

माझ्याही आत खळ्यात काय फुललं होतं ते मी सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. पण त्यांचा मार खाल्लेला दीर महिना झाला तरी पलीकडच्या पडवीत कण्हत होता, आणि मला त्यांना तेवढं हलकं करायचं नव्हतं. मी घागर भरली, डोक्यावर घेतली आणि म्हटलं, "वाट सोडा."

ते बाजूला झाले. दुसऱ्या दिवशी बोटीवर गेले.